सैतानी मेटल, गावात बसून: सूर, रिफ, गळा आणि शब्द

तालुक्याच्या गावात राहून ब्लॅक मेटल किंवा डेथ मेटल, म्हणजे फाटक्या गिटारींचं आणि गुरगुरत्या-किंचाळत्या गळ्याचं जड रॉक संगीत, करू पाहणारी पोट्टी आता वणी, पुसद, ब्रह्मपुरीकडेही भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो गिटार कोणती घेऊ, आणि दुसरा, तो आवाज गळ्यातून काढतात कसा. रिफ, म्हणजे गिटारीवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, कशी लिहायची हे सहसा कोणी विचारत नाही, आणि या संगीतातली सगळी दहशत तर तिथेच असते. उलटा क्रॉस, चेहऱ्यावरचा पांढरा-काळा रंग, रक्ताचे डाग हे सगळं पुसून टाकलं तरी गाण्याने अंगावर काटा आला पाहिजे. तसा येत नसेल तर रंग फासूनही येणार नाही. म्हणून या लेखात गिटारीपेक्षा सुरांना जास्त जागा दिली आहे.

आधी कान तयार करा

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत कळत नाही. खालचे सूर त्यातून येतच नाहीत आणि उरते ती नुसती खरखर. साधे का होईना, हेडफोन घ्या.

सुरुवात १९७० पासून करा. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. त्यातल्या पहिल्याच गाण्याची मुख्य रिफ तीन सुरांवर उभी आहे: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. बस, एवढंच. गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती, आणि तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढच्या अल्बमांत तारा खालच्या सुराला उतरवल्या. आज सगळे जो जड, खोल आवाज शोधत फिरतात, त्याच्या मुळाशी ही अडचण आहे.

मग डेन्मार्कचा मर्सिफुल फेट ऐका. त्यांचा पहिला अल्बम १९८३ चा. त्यांचा गायक किंग डायमंड याचा उंच आवाज काहींना हसवतो, पण गिटारींची बांधणी नीट ऐका. न्यूकॅसलच्या व्हेनमचं वाजवणं ओबडधोबड आहे, तरी १९८२ च्या त्यांच्या अल्बमच्या नावावरूनच 'ब्लॅक मेटल' हे नाव रूढ झालं. त्यानंतर स्वीडनचा बॅथोरी, आणि अमेरिकेच्या स्लेअरचा १९८६ चा अल्बम, ज्यात दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. तिथून दोन वाटा फुटतात. फ्लोरिडाकडच्या वाटेवर मॉर्बिड एंजल आणि डीसाइड आहेत: गुंतागुंतीच्या रिफ, खोल गुरगुराट, स्वच्छ रेकॉर्डिंग. नॉर्वेकडच्या वाटेवर मेहेम, डार्कथ्रोन, एम्परर: लांबच लांब चालणारे सूर, किंचाळणारा गळा, मुद्दाम ठेवलेला खरखरीतपणा. ब्राझीलच्या सार्कोफागोचा १९८७ चा अल्बम ऐकला की गरीब सामग्रीवर काय काय होऊ शकतं ते कळेल. आणि मोठ्या, आधुनिक आवाजासाठी पोलंडच्या बेहेमथचा २०१४ चा अल्बम.

ऐकताना एकच गाणं पुन्हा पुन्हा लावा. एकदा नुसते ड्रम ऐका, एकदा नुसता बास, एकदा फक्त डाव्या कानातली गिटार. पन्नास बँड चाळून जे हाती लागत नाही, ते एका गाण्यात लागतं.

सूर: आधी हार्मोनियमवर

गिटार हाती नसली तरी गावात भजनी मंडळाची पेटी असतेच. दुपारी मंडळ रिकामं असतं तेव्हा विचारून बसा. कशासाठी हवी ते सविस्तर सांगायची गरज नाही.

पांढरी एक आणि काळी तीन एकत्र दाबा. हाच सा आणि तीव्र म. पाश्चात्त्य लोक याला ट्रायटोन म्हणतात. कान या जोडीला कुठेतरी टेकवायला बघतो, आणि तुम्ही ते टेकू देत नाही. आता पांढरी एक आणि काळी एक एकत्र दाबा, म्हणजे सा आणि कोमल रे. हे सूर एकमेकांवर घासतात. सैतानी मेटलच्या निम्म्या रिफ या दोन अंतरांवर चालतात.

तोडीचे सूर माहीत असतील तर काम आणखी सोपं. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि शुद्ध नी एकाच थाटात मिळतात. गिटारीच्या सर्वांत जाड तारेला सा धरलं तर हे सूर मोकळी तार, १, ३, ६, ७, ८ आणि ११ या फ्रेटवर (मानेवरच्या पट्ट्यांवर) येतात. पण तोडी गाऊ नका. रागाची चाल, मींड, आळवणं आलं की ते फ्यूजन होतं, आणि आपल्याला फ्यूजन करायचं नाही. सूर घ्या, चाल मेटलचीच ठेवा.

दुसरी गोष्ट थोडी खोलातली आहे, पण नॉर्वेवाल्यांचा तो गार, पोकळ रंग इथूनच येतो. पांढरी तीन, पांढरी पाच आणि पांढरी सात एकत्र दाबा. हा ई मायनर, म्हणजे उदास वाटणारी तीन सुरांची कॉर्ड. आता मधली पांढरी पाच तशीच दाबून ठेवा. पांढरी तीनवरचं बोट अर्धा सूर खाली, काळी दोनवर न्या. पांढरी सातवरचं अर्धा सूर वर, पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर. झाला सी मायनर. एक सूर जागचा हलला नाही, बाकीचे दोन जेमतेम सरकले, तरी सगळी खोली बदलल्यासारखी वाटते. नेहमीच्या गाण्यात मायनरनंतर मेजर येऊन दिलासा मिळतो. इथे मायनरनंतर पुन्हा मायनरच, आणि तोही त्या सप्तकात न बसणारा. ही जोडी भात्यावर हळू हळू दहा मिनिटं वाजवत बसा, कान आपोआप पुढचा सूर सुचवतो.

गिटार, तारा आणि आपलं ऊन

यात फार वेळ घालवू नका. दोन हंबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारी दुहेरी कॉइल) असलेली, सूर टिकवणारी कोणतीही सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार चालते. एका सुराने उतरवून डी स्टँडर्डला लावा, १० ते ४६ च्या तारा पुरतात. सी किंवा बीपर्यंत उतरायचं असेल तर जाड संच घ्या, नाहीतर तार नुसती फडफडते. चंद्रपूर-नागपूरकडचा मे महिना गिटारीच्या मानेला मानवत नाही, म्हणून टिनाच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवू नका. मान वाकली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारीच्या आवाजाचा मुद्दाम आणलेला फाटलेपणा, वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. गेन (हा फाटलेपणा वाढवणारं बटण) पूर्ण चढवला की प्रत्येक सूर एकाच लगद्यात जातो, आणि मग तीव्र म काय नि पंचम काय, फरकच उरत नाही. दोन मायनर कॉर्डमधला अर्ध्या सुराचा सरकाव ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येईल इतपतच गेन.

रिफ कशी बसवायची

वाजवण्याच्या दोन पद्धती लागतात. एक आहे पाम म्यूट: तळहाताची कड ब्रिजजवळ तारेवर टेकवून मारलेले ठोके, म्हणजे डेथ मेटलचं दळणाचं जातं. दुसरी ट्रेमोलो पिकिंग: एकाच सुरावर पिक वर-खाली न थांबता. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) प्रत्येक ठोक्यात चार फटके, म्हणजे सेकंदाला आठ, इथून सुरू करा. २०० बीपीएमला तेच सेकंदाला तेराच्या वर जातात. कोपर आवळून वेग आणला तर हात दुखेल आणि ताल पळेल. मनगट सैल ठेवा, पिकचं नुसतं टोक तारेला लागू द्या.

आता लिहायला बसा. चार मात्रांचे चार आवर्तन धरा. पहिल्या तीन आवर्तनांत मोकळ्या तारेवर ट्रेमोलो, मध्येच एकदा १ ल्या फ्रेटला स्पर्श करून परत. चौथ्यात ६ व्या फ्रेटवर जा आणि तिथे थांबा. सा-वर परत येण्याची घाई करू नका. पुढचं आवर्तन सुरू झालं की सा आपोआप येणारच आहे, ऐकणाऱ्याला त्याची वाट बघू द्या. नवखे इथे हमखास प्रत्येक आवर्तनात ६ वा फ्रेट घालतात, आणि तिसऱ्या खेपेला तो सूर घरचाच वाटायला लागतो. धक्का एकदाच द्यायचा असतो.

एक रिफ झाली की दुसरी नवी शोधू नका. पहिलीच घ्या आणि दुसऱ्या गिटारीवर तिच्या वर कोमल ग-चं अंतर ठेवून वाजवा. किंवा तीच निम्म्या वेगात, पॉवर कॉर्डमध्ये (सा आणि पंचम एकत्र). किंवा बास खाली उतरवून वरचे सूर तसेच राहू द्या. तीन रिफ आणि त्यांची अशी रूपं एवढ्यावर पाच मिनिटांचं गाणं उभं राहतं. गाण्यात कमीत कमी एक जागा अशी ठेवा की सगळं एकदम हळू होईल. सतत वेगात चाललेलं गाणं दीड मिनिटानंतर वेगवान वाटत नाही. कोरस नसला तरी चालतं, पण एखादी रिफ शेवटी परत यावी आणि परत येताना थोडी बिघडलेली असावी.

ड्रम

खेड्यात ड्रमसेट नसतो. असला तरी शेजारी तो ठेवू देत नाहीत. पण ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या बँडमध्ये, झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत ऑक्टापॅडवाला असतोच, आणि त्याचा हात तुमच्यापेक्षा पक्का असतो. त्याला ब्लास्ट बीट समजावून सांगा: किकसोबत (पायाचा मोठा ड्रम) राइड किंवा हाय-हॅट (झांजा), मधल्या रिकाम्या जागी स्नेअर (करकरणारा छोटा ड्रम), आलटून पालटून, न थांबता. पाचच मिनिटांत पकडेल. त्याला कंटाळाही लवकर येईल, तेव्हा चहा पाजत राहा.

माणूस मिळालाच नाही तर कॉम्प्युटरवर ड्रम लिहा. तिथे एक काळजी घ्या: प्रत्येक फटक्याचा जोर १२७ वर, म्हणजे कमाल, ठेवू नका. स्नेअर १०५ ते १२० च्या मध्ये वर-खाली करा, प्रत्येक दुसरा फटका किंचित हलका असू द्या. डफ वाजवणाऱ्याचे दोन फटके कधी सारखे नसतात, कान तेच शोधतो.

गळा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश वाचा.

हा आवाज ओरडून येत नाही. माइकवर तो राक्षसी वाटतो, पण समोर उभं राहून ऐकलं तर बोलण्यापेक्षा थोडाच मोठा असतो. ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. खोल गुरगुराटासाठी खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या, म्हणजे खोटे स्वरतंतू, कंप पावतात. जड पोतं उचलताना घशातून जो 'हंऽ' निघतो, त्याच्याजवळचा हा आवाज. तो 'हंऽ' बारीक आवाजात, भरपूर हवेवर लांबवा. दुसरा प्रकार ब्लॅक मेटलचा, कोरडा आणि वरचा. सकाळी उठल्या उठल्या गळा करकरतो, त्या करकरीवर पोटातून दाब वाढवत न्यायचा. दोन्हींत जोर पोटाचा आणि बरगड्यांचा, गळा मोकळा. जबडा आणि मानेच्या शिरा ताणल्या गेल्या तर थांबा.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. आधी साधं गुणगुणणं, मग हा आवाज, नंतर कोमट पाणी. टोचलं, दुखलं, खोकला आला तर त्या दिवसापुरतं बंद. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, मध-हळदीवर काढू नका. आणि माइकची जाळी मुठीत धरून गाऊ नका. दिसायला जोरदार दिसतं, पण आवाज दबका होतो आणि स्पीकर शिट्टी मारतो.

सराव कुठे करायचा? रात्री शेतात तर मुळीच नाही. जागलीवरचे लोक बिबट आला समजून काठ्या-टॉर्च घेऊन धावतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. घरात, दुपारी, कूलर चालू असताना, तोंडासमोर गोधडी टांगून. विदर्भातल्या कूलरच्या घरघरीत काहीही खपून जातं.

शब्द: सैतान कोणाविरुद्ध?

युरोप-अमेरिकेतल्या बँडचा सैतान चर्चच्या समोर उभा आहे. तिथला पोरगा बाप्तिस्मा, रविवारची प्रार्थना, नरकाची भीती यांत वाढतो आणि मग त्याविरुद्ध उभा राहतो. त्यातले बरेच जण सैतानाची पूजा वगैरे करत नाहीत. अँटन लावे याने १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला चर्च ऑफ सेटन काढलं, तेव्हा त्याच्या लेखीही सैतान प्रतीकच होता: न झुकणाऱ्या, स्वतःच्या मर्जीने जगणाऱ्या माणसाचं. स्लेअरचा गायक टॉम अराया तर कॅथलिक आहे. दुसऱ्या टोकाला नॉर्वेत काहींनी चर्च जाळली, आणि १९९३ मध्ये मेहेमच्या गिटारवादकाचा खून दुसऱ्या संगीतकाराने केला. ते गुन्हे होते. त्यांची पोस्टरं खोलीत लावून संगीत जास्त काळं होत नाही.

आपण मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेली माणसं. नरकाची भीती दाखवणारा पाद्री आपल्या गावात नव्हता. त्यामुळे 'हेल सेटन' (सैतानाचा जयजयकार) आपल्या तोंडी उसनं वाटतं. मला विचाराल तर सैतान हे पात्र म्हणून घ्या. बंड केलेला, आकाशातून ढकलून दिलेला, तरी माफी न मागणारा. त्याला 'मी' म्हणून बोलू द्या. त्याने कोणापुढे झुकायला नकार दिला आहे हे तुम्ही ठरवा: सावकार, बुवा, पंचांनी टाकलेला बहिष्कार, घरातली शिस्त. समोर कोणीतरी हवंच. नाहीतर रक्त, राख, अंधार, मृत्यू या चार शब्दांची उलटापालट तेवढी होते, आणि ती कोणीही करतं.

छंदासाठी लांब जायला नको. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण या संगीतात चपखल बसतात. एका आवर्तनात आठ ठोके धरले तर सहा अक्षरं आणि दोन ठोके श्वास, असं तीन वेळा. चौथ्या आवर्तनात चारच अक्षरं, आणि उरलेल्या चार ठोक्यांवर शेवटचा स्वर किंचाळत लांबवायचा. उदाहरणार्थ:

झुकलो नाही मी
म्हणून हा शाप
तुझे पुण्य-पाप
तुझ्यापाशी

यात ट्रेमोलोची रिफ तीन आवर्तनं सा-वर राहील आणि 'तुझ्यापाशी'च्या 'शी'वर ६ व्या फ्रेटला जाईल. देवाशी भांडण म्हणाल तर जनाबाईपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी विठोबाला सुनावलं आहे, त्यामुळे हा छंद या सुराला परका नाही. फक्त छंद घ्या. संतांच्या ओळी उचलून त्यांची टवाळी करू नका, ते सोपंही आहे आणि पोरकटही.

अक्षरं निवडताना लक्षात ठेवा की गुरगुराटात स्वर एकमेकांत विरघळतात, तग धरतात ती व्यंजनं. क, ख, ट, ठ, घ, र ऐकू येतात. ल, म, य, व बुडतात. 'मावळलेल्या वेळी' म्हटलं तर काही कळणार नाही, 'काळोख फाटला' कळेल.

व्हिडिओ काढायच्या आधी

आपल्या भागात हा विषय नुसता कलेचा राहत नाही. चंद्रपूर, गडचिरोलीकडे करणी-जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना बांधून मारल्याच्या घटना घडल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला तो उगाच नाही. म्हणून स्मशानात चित्रीकरण, लिंबू-बाहुल्या, हाडं, कोंबडं हे काहीही नको. तुमचा खेळ संध्याकाळी संपतो, संशय मात्र शेजारच्या एकट्या म्हातारीवर जाऊ शकतो. कोणाचं घर, कोणाचा चेहरा पार्श्वभूमीत येऊ देऊ नका. मूर्ती, ग्रंथ, दर्गा, क्रॉस यांची विटंबना करून मुद्दाम भावना दुखावणं हा गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ बघा. काळा व्हिडिओ हवाच असेल तर मार्च-एप्रिलमधलं पळाटी उपटलेलं भेगाळ शेत घ्या. नॉर्वेच्या जंगलापेक्षा ते कमी भीषण दिसत नाही.

घरी मात्र आधीच सांगून टाका. आईला एकदा शांतपणे ऐकवलं की 'हे काय कोकलतं बाप्पा' यापलीकडे विषय जात नाही. बाहेरून कळलं तर जातो.

रेकॉर्डिंग

लॅपटॉप, त्याला गिटार-माइक जोडणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक साधा डायनॅमिक माइक. सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, साठ दिवस वापरून बघता येतं. अँपची नक्कल करणारे प्लगइन फुकट मिळतात.

खरा शत्रू वीज. गिटार लावली की 'घूंऽऽ' सुरू होतं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर बहुतेकदा गुणगुण निम्मी होते. मग अर्थिंग बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि काम करेनासा होतो. त्यात बादलीभर पाणी ओता, मीठ-कोळसा कधी भरला होता ते घरच्यांना विचारा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, त्याची करकर गिटारीत उतरते. लाइट जाण्याची वेळ उलट सोयीची: लॅपटॉप बॅटरीवर, पंखे, फ्रिज, मोटारी बंद, सगळं गाव गप्प.

तीच गिटार दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट नको, दोन्ही खेपांतला बारीक फरकच आवाज रुंद करतो. गिटारीतला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, ती जागा बास आणि किकची. गळ्याला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्या, पण शब्दांची टोकं शाबूत राहतील इतकाच. खरखरीत आवाज हवा म्हणून वाईट रेकॉर्ड करू नका. मेहेमचा १९९४ चा अल्बम बर्गेनच्या ग्रीगहालेन या संगीत सभागृहात रेकॉर्ड झाला होता. त्यातला अंधार मुद्दाम बांधलेला आहे, तो गरिबीतून आलेला नाही.

पहिल्या डेमोत तीन गाणी पुरे: एक वेगवान, एक हळू, एक दोन्ही असलेलं. लोगो काट्याकुट्यांचा, कोणाला वाचता न येणारा असला तरी चालेल. फाइलला मात्र बँडचं आणि गाण्याचं नाव धड अक्षरांत द्या, नाहीतर ज्याला पाठवाल त्याच्या फोनमध्ये ती 'ऑडिओ ००१७' म्हणून पडून राहील.